चर्मकाराचा मुलगा ते कारखानदार : बेकेलाइटचे जनक डॉ. लिओ बेकलंड

प्रेशर कुकरची काळी मूठ, जुन्या घरातील विजेचे काळे-तपकिरी बटण, बल्ब अडकवायचा होल्डर, सरकारी कचेरीतला तो जड काळा टेलिफोन. या वस्तू आपण सर्वांनी कधी ना कधी हाताळल्या आहेत. त्या ज्या पदार्थाच्या बनत, त्याला 'बेकेलाइट' म्हणतात. इलेक्ट्रिकच्या दुकानात हा शब्द आजही कानावर पडतो. परंतु तो एका माणसाच्या आडनावावरून आला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो माणूस म्हणजे डॉ. लिओ हेन्ड्रिक बेकलंड. बेल्जियममधील एका जोडे शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. शिष्यवृत्तीवर शिकला, परक्या देशात गेला, तेथे आजारपण आणि पैशाची चणचण सोसली, आणि आपल्या रसायनशास्त्राच्या बळावर एक नव्हे तर दोन उद्योग उभे केले.

आज आपली अनेक मुले-मुली विज्ञान शाखेत शिकत आहेत. बी.एस्सी., एम.एस्सी. झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. नोकरी मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर पदवी पेटीत पडून राहते. प्रयोगशाळेत मिळवलेली विद्या हेच उद्योगाचे भांडवल होऊ शकते काय? होत असेल तर कसे? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास बेकलंड यांचे चरित्र उपयोगी पडते. म्हणून त्यांच्या जीवनाची आणि त्यांच्या शोधाची माहिती येथे देत आहे.

बालपण आणि शिक्षण

लिओ बेकलंड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधील घेंट येथे झाला. घेंट हे त्या काळी कापडगिरण्यांचे शहर होते. वडील जोडे शिवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करीत. लग्नापूर्वी आई श्रीमंतांच्या घरी मोलकरीण होती. युरोपात आपल्यासारखी जातिव्यवस्था नव्हती हे खरे. पण बापाचा धंदा मुलाने पुढे चालवावा, गरिबाच्या मुलाने लवकर कामाला लागावे, हा रिवाज तेथेही होता. मुलगा तेरा वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला आपल्याच धंद्यात घालायचे ठरवले. त्यांच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. हाताशी माणूस आला की घराला आधार होतो.

आईचे मत मात्र वेगळे होते. मुलगा हुशार आहे, त्याने शिकलेच पाहिजे, असा तिने आग्रह धरला. श्रीमंतांच्या घरी काम करताना शिक्षणाने माणसाच्या आयुष्यात काय फरक पडतो हे तिने जवळून पाहिले असणार. तिच्या आग्रहामुळे लिओची शाळा सुटली नाही. तो घेंटच्या नगरपालिकेच्या तांत्रिक शाळेत रात्रीच्या वर्गांना जाऊ लागला. रसायनशास्त्राची गोडी त्याला तेथेच लागली. याच वयात त्याला छायाचित्रणाचाही नाद लागला. त्यासाठी चांदीचे नायट्रेट हे रसायन लागते. ते विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा वडिलांनी दिलेल्या घड्याळाची चांदीची साखळी त्याने विरघळवली आणि ते रसायन स्वतः तयार केले, अशी आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते.

शालेय शिक्षण उत्तम रीतीने पूर्ण झाल्यावर घेंट शहराने त्याला शिष्यवृत्ती दिली आणि १८८० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो घेंट विद्यापीठात दाखल झाला. १८८४ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याला रसायनशास्त्रातील डॉक्टरेट सर्वोच्च श्रेणीत मिळाली. पुढे त्याच विद्यापीठात ते शिकवू लागले व १८८९ मध्ये सहयोगी प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह आपले गुरू प्रा. थिओडोर स्वार्ट्स यांची कन्या सेलीन हिच्याशी झाला.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. आईचा आग्रह आणि नगरपालिकेची शिष्यवृत्ती या दोहोंपैकी एक जरी नसती, तरी हा मुलगा घेंटच्या एखाद्या गल्लीत जोडे शिवीत राहिला असता. त्या कामात कमीपणा काही नाही. पण त्याच्या अंगातली दुसरी शक्ती जगाला कधीच कळली नसती. ज्या शहराने त्याच्या शिक्षणावर खर्च केला, त्या शहराला तेव्हा याची कल्पनाही नसेल.

अमेरिकेत पाऊल

लग्नानंतर प्रवासासाठी मिळालेल्या एका शिष्यवृत्तीवर पती-पत्नी १८८९ मध्ये न्यूयॉर्कला गेले. तेथे बेकलंड यांची गाठ प्रा. चार्ल्स चँडलर यांच्याशी पडली. चँडलर हे कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या विद्यापीठात शिकले, तेच हे विद्यापीठ. चँडलर यांनी या तरुणातील गुण ओळखले आणि अमेरिकेतच राहा, येथे रसायनतज्ज्ञांना वाव आहे, असा सल्ला दिला. छायाचित्रणाचे साहित्य बनविणाऱ्या अँथनी कंपनीत त्यांना काम मिळाले. बेकलंड यांनी घेंटची प्राध्यापकी सोडली आणि अमेरिकेत राहण्याचा निर्णय घेतला.

दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, त्यांनी ती नोकरीही सोडली आणि स्वतंत्र सल्लागार रसायनतज्ज्ञ म्हणून व्यवसाय सुरू केला. हा काळ कठीण गेला. डोक्यात कल्पना पुष्कळ होत्या. एक अर्धवट राहिली की दुसरी हाती घ्यायची, असे चालले होते. यातून पैसा काही येईना. अशातच ते गंभीर आजारी पडले आणि अंथरुणाला खिळले. परका देश, जवळची पुंजी संपत आलेली, घरात पत्नी आणि लहान मूल. पुढे या दिवसांविषयी बोलताना त्यांनी सांगितले आहे की, अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करायला वेळ मिळाला आणि आपली चूक कळली. एकाच वेळी दहा कामांना हात घालण्यापेक्षा, ज्यातून लवकर फळ मिळण्याचा संभव आहे असे एकच काम निवडून ते तडीस न्यावे, असे त्यांनी ठरवले.

वेलॉक्स : पहिला उद्योग

त्यांनी निवडलेले काम छायाचित्राच्या कागदाचे होते. त्या काळी काचेवरच्या निगेटिव्हवरून कागदावर छायाचित्र उतरवायचे तर बहुधा सूर्यप्रकाश लागे. कागद आणि निगेटिव्ह चौकटीत घालून उन्हात ठेवायचे आणि ऊन पडण्याची वाट पाहायची. आभाळ आले की काम थांबले. बेकलंड यांनी सिल्व्हर क्लोराइडचा लेप दिलेला असा कागद तयार केला की, ज्यावर गॅसच्या दिव्याच्या उजेडात छायाचित्र उतरविता येई. म्हणजे दिवस असो वा रात्र, ऊन असो वा पाऊस, काम करता येणार होते. या कागदाला त्यांनी 'वेलॉक्स' असे नाव दिले.

लिओनार्ड जेकोबी यांच्या भागीदारीत न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथे १८९३ मध्ये नेपेरा केमिकल कंपनी सुरू झाली. नेमके त्याच वर्षी अमेरिकेत मोठे आर्थिक संकट आले. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. त्यात धंदेवाईक छायाचित्रकार हातच्या सवयीचा कागद सोडायला तयार नव्हते. सुरुवातीची वर्षे ओढाताणीत गेली. हौशी छायाचित्रकारांनी मात्र या कागदाचे महत्त्व ओळखले आणि हळूहळू मागणी वाढत गेली. १८९९ मध्ये कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांनी हा उद्योग विकत घेतला. ती रक्कम साडेसात लाख डॉलर असल्याचे अनेक चरित्रकार सांगतात. त्यातील बेकलंड यांच्या वाट्याला आलेला पैसा जन्मभर पुरेल इतका होता. ते तेव्हा छत्तीस वर्षांचेही नव्हते किंवा नुकतेच झाले होते.

पुन्हा विद्यार्थी

इतका पैसा हाती आल्यावर एखादा स्वस्थ बसला असता. बेकलंड यांनी याँकर्समध्ये मोठे घर घेतले आणि त्याच्याच आवारात प्रयोगशाळा उभारली. नव्या व्यवसायात पडण्यापूर्वी आपले ज्ञान जुने झाले आहे, हे त्यांनी मान्य केले. म्हणून १९०० मध्ये ते जर्मनीला गेले आणि बर्लिनजवळच्या शार्लोटनबुर्ग येथील तंत्रविद्यालयात विद्युत-रसायनशास्त्र शिकले. डॉक्टरेट मिळवलेला, प्राध्यापकी केलेला आणि श्रीमंत झालेला माणूस पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला.

परत आल्यावर मिठाच्या पाण्यातून विजेच्या साहाय्याने कॉस्टिक सोडा व क्लोरीन मिळविण्याच्या एका नव्या पद्धतीची कसून चाचणी घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. मोठा कारखाना काढण्याआधी ब्रुकलिनमध्ये लहान प्रायोगिक कारखाना चालवून दोष शोधले गेले, ते दुरुस्त केले गेले आणि मगच नायगारा येथे मोठा कारखाना उभा राहिला. चुका करायच्या त्या लहान प्रमाणावर कराव्यात आणि नफा मोठ्या प्रमाणावर मिळवावा, अशा अर्थाचे बेकलंड यांचे मत प्रसिद्ध आहे. लहान उद्योग सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवावे.

लाखेचा प्रश्न

आता आपण त्यांच्या मुख्य शोधाकडे वळू. या शोधाचा संबंध थेट आपल्या देशाशी पोहोचतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेचा वापर झपाट्याने वाढला. वीज जेथे जाते तेथे तिला अडविणारा पदार्थही लागतो. नाही तर धक्का बसतो, आग लागते. या कामासाठी चपडा लाख फार वापरली जाई. ही लाख कारखान्यात बनत नाही. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणारे बारीक किडे ती स्रवतात. रानात राहणारे लोक त्या फांद्या तोडून लाख खरवडतात, मग ती धुऊन, वितळवून, पातळ पापुद्रे करून विकली जाते. जगाला लागणारी बहुतेक लाख त्या काळी भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या पट्ट्यातून जात असे. आपल्या पूर्व विदर्भातील पळसाच्या रानातही लाख निघते. किड्यांच्या गतीने तयार होणारा माल विजेच्या गतीने वाढणाऱ्या मागणीला पुरेना आणि भाव चढू लागले. लाखेऐवजी वापरता येईल असा पदार्थ जो प्रयोगशाळेत बनवील, त्याला बाजार तयारच होता. बेकलंड यांनी हे हेरले.

दुसऱ्यांच्या फसलेल्या प्रयोगांचा अभ्यास

शोध म्हणजे एकदम सुचलेली गोष्ट, असा आपला समज असतो. बेकलंड यांनी सुरुवात केली ती ग्रंथालयातून. १८७२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी नोंदवून ठेवले होते की, फिनॉल आणि आल्डिहाइड या वर्गातील रसायने एकत्र केली की एक राळेसारखा पदार्थ तयार होतो. फिनॉल दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळते. आल्डिहाइडांपैकी फॉर्मल्डिहाइड हे लाकडापासून मिळणाऱ्या अल्कोहोलपासून बनवीत. म्हणजे दोन्ही वस्तू कारखान्यात मिळण्यासारख्या होत्या. पण ती राळ भांड्याला घट्ट चिकटून बसे आणि कोणत्याही द्रावणात विरघळत नसे. शुद्ध स्फटिकांच्या शोधात असलेल्या रसायनशास्त्रज्ञांना ती म्हणजे केवळ भांडी खराब करणारा कचरा वाटे. बेकलंड यांनी उलट विचार केला. जो पदार्थ कशातही विरघळत नाही आणि उष्णतेने वितळत नाही, तो उपद्रव नसून उपयोगाची वस्तू आहे; फक्त त्याला हवा तसा आकार देता आला पाहिजे.

आपले सहायक नॅथॅनियल थर्लो यांच्यासह त्यांनी काम सुरू केले. आधी त्यांनी लाखेसारखी विरघळणारी राळ तयार केली आणि तिला 'नोव्होलॅक' नाव दिले. बाजारात तिला फारसे यश आले नाही. तेव्हा त्यांनी न विरघळणाऱ्या पदार्थाकडे लक्ष वळविले. १९०७ च्या उन्हाळ्यात बंद नळ्यांमध्ये मिश्रण तापवून केलेल्या प्रयोगांतून त्यांना हवा तो पदार्थ सापडला.

बेकेलाइट कसे बनते?

विद्यार्थ्यांसाठी हा भाग थोडा सविस्तर सांगतो.

फिनॉलच्या प्रत्येक रेणूला जोडणीसाठी तीन जागा असतात असे समजा. फॉर्मल्डिहाइड दोन फिनॉल रेणूंमध्ये कडीसारखे बसते आणि त्यांना जोडते. प्रत्येक जोडणीच्या वेळी पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. जागा दोनच असत्या तर नुसती लांब साखळी झाली असती. तीन असल्यामुळे सर्व बाजूंनी विणलेले जाळे तयार होते. साखळ्या एकमेकींवरून घसरू शकतात, म्हणून साखळ्यांचे प्लास्टिक तापवले की मऊ होते. विणलेल्या जाळ्याला घसरायला जागाच नसते. मेणबत्तीचे मेण तापवले की वितळते आणि थंड झाले की पुन्हा घट्ट होते. असे हवे तितक्या वेळा करता येते. अंडे मात्र एकदा उकडले की पुन्हा पातळ होत नाही. पहिल्या प्रकारच्या प्लास्टिकला उष्मामृदू आणि दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकला उष्मादृढ म्हणतात. बेकेलाइट दुसऱ्या प्रकारचे आहे. कुकरची मूठ चुलीच्या धगीने वितळत नाही, याचे कारण हेच.

मग आधीच्या लोकांना हे का जमले नाही? जोडणी होताना बाहेर पडणाऱ्या पाण्याची उष्णतेने वाफ होई. तिच्यामुळे राळेत बुडबुडे उठत आणि हाती येई तो स्पंजासारखा भुसभुशीत गोळा. हे टाळण्यासाठी बाकीचे लोक उष्णता कमी करून क्रिया मंद करू पाहत. त्यात फार वेळ जाई आणि माल तरीही धड होत नसे. बेकलंड यांनी उलट मार्ग धरला. उष्णता त्यांनी भरपूर ठेवली, पण वरून दाबही दिला. दाबाखाली वाफेचे बुडबुडे उठू शकत नाहीत आणि माल भरीव, घट्ट निघतो. त्यासाठी त्यांनी जाड लोखंडी भांडे बनवून घेतले. त्याला 'बेकेलायझर' म्हणत. कामाचे तत्त्व आपल्या प्रेशर कुकरच्या जवळचे होते. याखेरीज सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात उत्प्रेरक म्हणून घातला की क्रिया ताब्यात राहते, हेही त्यांनी दाखवून दिले.

त्यांनी या क्रियेचे तीन टप्पे ओळखले. पहिल्या टप्प्यात पदार्थ पातळ असतो. दुसऱ्यात तो घट्ट होतो, पण उष्णतेने मऊ करता येतो. तिसऱ्यात तो कायमचा कडक होतो. व्यापाराच्या दृष्टीने दुसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. त्या टप्प्यावर क्रिया थांबवून, त्याची भुकटी करून, तीत लाकडाचा बारीक भुसा मिसळायचा आणि ती पोत्यांत भरून गिऱ्हाइकाकडे पाठवायची. गिऱ्हाईक ती गरम साच्यात घालून दाबतो आणि काही मिनिटांत तिसरा टप्पा पूर्ण होऊन वस्तू तयार होते. लाकडाच्या भुशामुळे वस्तू ठिसूळ राहत नाही आणि खर्चही कमी होतो.

यापूर्वी सेल्युलॉइड नावाचे प्लास्टिक होते; पण ते कापसातील सेल्युलोजपासून बनत असे आणि चटकन पेट घेई. पूर्णपणे माणसाने रसायनांतून घडविलेले पहिले प्लास्टिक म्हणून बेकेलाइटला मान मिळाला.

पेटंट, कारखाना आणि स्पर्धा

बेकलंड यांनी जुलै १९०७ मध्ये उष्णता व दाबाच्या पद्धतीचे पेटंट मागितले. ते डिसेंबर १९०९ मध्ये मंजूर झाले. ब्रिटनमध्ये जेम्स स्विनबर्न नावाचे अभियंते याच पदार्थावर स्वतंत्रपणे काम करीत होते. ते पेटंट घ्यायला गेले तेव्हा बेकलंड यांचा अर्ज आदल्याच दिवशी दाखल झाल्याचे त्यांना कळले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. शोध लावणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर नोंदविणेही महत्त्वाचे असते.

फेब्रुवारी १९०९ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत त्यांनी हा शोध जाहीर केला. पेटंटचे हक्क इतरांना देऊन मोकळे व्हावे, असा त्यांचा आधी विचार होता. पण नुसता कागद वाचून दुसऱ्यांना माल नीट बनवता येईना. एका टप्प्याचे तापमान चुकले की सगळा घाणा वाया जाई. अखेर स्वतःच उत्पादन करणे भाग पडले. सुरुवातीला घरच्या प्रयोगशाळेतच माल तयार होई. मागणी वाढली तेव्हा १९१० मध्ये जनरल बेकेलाइट कंपनीची स्थापना झाली आणि न्यू जर्सीतील पर्थ अँबॉय येथे कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी जर्मनीतही बेकेलाइटची कंपनी निघाली. वीज-उद्योग, मोटार, टेलिफोन, रेडिओ अशा एकेका क्षेत्रात हा पदार्थ शिरला.

यश दिसू लागताच प्रतिस्पर्धी उभे राहिले. त्यांपैकी काहींशी पेटंटवरून कोर्टकज्जे झाले. शेवटी १९२२ मध्ये कंडेन्साइट आणि रेडमॅनॉल या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांशी एकत्रीकरण होऊन बेकेलाइट कॉर्पोरेशन तयार झाले. न्यायालयात लढलेली माणसे एका छपराखाली आली. १९१७ पासून बेकलंड कोलंबिया विद्यापीठात मानद प्राध्यापक होते. १९२४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडला विकण्यात आली आणि २३ फेब्रुवारी १९४४ रोजी डॉ. बेकलंड यांचे निधन झाले.

लाख मात्र यामुळे नाहीशी झाली नाही. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी ती पुढेही कित्येक वर्षे वापरली गेली. लाखेवर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये स्थापन झाली. औषधाच्या गोळ्यांवरील आवरण, बांगड्या, लाकडावरील पॉलिश यांसाठी लाख आजही लागते.

दुसरी बाजू

गौरव करताना दुसरी बाजू लपवू नये. बेकेलाइट पुन्हा वितळवता येत नाही, म्हणून त्याच्या मोडक्या वस्तूंचा कचरा उरतो. फिनॉलने त्वचा भाजते. फॉर्मल्डिहाइडची वाफ आरोग्यास घातक असून २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते रसायन कर्करोगकारक ठरविले. काही मालात ॲस्बेस्टॉसही मिसळत, आणि त्याचे दुष्परिणाम आता सर्वज्ञात आहेत. उद्योग काढणाऱ्याने कामगाराच्या आरोग्याचा विचार पहिल्या दिवसापासून करावा, हा धडा यातून घ्यायचा.

आणखी एक गोष्ट. बेकलंड यांनी कष्ट सोसले हे खरे. पण त्यांच्यासाठी अमेरिकेचे दार उघडे होते. त्याच देशाने १८८२ पासून चिनी मजुरांना कायद्याने प्रवेशबंदी केली होती. संधी सर्वांना सारखी मिळत नव्हती. म्हणून 'मनात आणले की कोणीही मोठा होतो' असे सोपे तात्पर्य या चरित्रातून काढू नये.

आपण काय घ्यावे?

या चरित्रातून विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी घ्याव्यात, असे वाटते.

१. एक प्रश्न निवडावा आणि तो तडीस न्यावा. बेकलंड यांची गरिबी कल्पनांच्या अभावी नव्हती. अर्धवट सोडलेल्या कल्पनांमुळे होती.

२. गरज ओळखावी. लोकांना काय हवे आहे, काय महाग झाले आहे, कोठे काम अडते आहे, हे पाहावे. उन्हावाचून अडलेला छायाचित्रकार आणि लाखेवाचून अडलेला वीज-कारखानदार, हेच त्यांचे दोन उद्योग.

३. आधी वाचावे. दुसऱ्यांच्या फसलेल्या प्रयोगांतच त्यांना आपल्या यशाची वाट सापडली. प्रयोगाची वही रोजच्या रोज लिहावी.

४. लहान प्रमाणावर सुरुवात करावी. कर्ज काढून मोठी शेड बांधण्याआधी घरच्या घरी शंभर वेळा माल करून पाहावा.

५. शिकणे थांबवू नये. पदवी ही शेवटची पायरी नव्हे.

आणि सभासद बंधू-भगिनींसाठीही यात एक सांगणे आहे. बेकलंड यांची बुद्धी त्यांची स्वतःची होती, पण ती फुलण्यासाठी तीन आधार लागले. शाळा सोडू न देणारी आई, शिष्यवृत्ती देणारे शहर आणि योग्य वेळी योग्य सल्ला देणारा अनुभवी माणूस. आपल्या संस्थेला कारखाना काढता येणार नाही. पण हे तीन आधार देता येतील. तेराव्या-चौदाव्या वर्षी कामाला लागण्याच्या बेतात असलेल्या मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलता येईल. एखाद्या मुलीची परीक्षेची फी वेळेवर भरता येईल. कारखान्यात, प्रयोगशाळेत, बँकेत नोकरी केलेले आपले निवृत्त सभासद महिन्यातून एक रविवार विद्यार्थ्यांसाठी देऊ शकतील. कच्चा माल कोठे मिळतो, परवाना कसा काढतात, हिशेब कसा ठेवतात, हे त्यांच्याइतके चांगले दुसरे कोण सांगणार?

घेंट शहराने एका चर्मकाराच्या मुलाला शिष्यवृत्ती दिली, तेव्हा पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हते. आपल्या वर्गणीतून ज्या मुलामुलींची फी भरली जाते, त्यांच्यातून पुढे कोण घडेल हे आपल्यालाही आज सांगता येणार नाही. तरीही ती फी भरत राहणे, हे आपले काम आहे.